तुटलेल्या पायऱ्यांची वाट

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मित्राने विचारलं, "सर, तुम्ही मदनगड सर केला होता म्हणे?" खरं सांगायचं तर, मंडळी, आम्ही तिथे नुसत्या धापा टाकल्या. 'सर करणे' हा शब्द लढाईतला. आम्ही कुणाशी लढत होतो, हे आम्हालाच तेव्हा ठाऊक नव्हतं.

अलंग, मदन आणि कुलंग हे कळसूबाईच्या रांगेतले तीन शेजारी किल्ले. पन्नासेक वर्षांपूर्वी आम्ही सात जण आंबेवाडीहून निघालो. अलंग आणि मदनमधल्या खिंडीपर्यंत पायवाट, पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या. आणि मग एकाएकी पायऱ्या संपल्या! समोर उभा कडा, खाली दरी. निसर्गाचं आव्हान वगैरे शब्द तेव्हा आमच्या तोंडी फार असत. गावातला वाटाड्या अनवाणीच वर गेला आणि त्याने दोर सोडला. आमचा एक मित्र मध्येच गोठला. ना वर, ना खाली. अर्धा तास वाटाड्या पोटावर पडून त्याला सांगत होता, "डावा पाय खाली घ्या, कोपरा हाय तिथं." तो कोपरा म्हणजे फुटलेल्या पायरीचा उरलेला तुकडा होता.

रात्री वरच्या गुहेत वाटाड्या सहज बोलून गेला, "हितं वाट व्हती. गोऱ्यांनी तोडली."

हा इतिहास आम्ही पुस्तकात वाचला तो नंतर. १८१८च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला पडला आणि आसपासचे कित्येक किल्ले न लढताच इंग्रजांच्या हाती आले. आता यांचं करायचं काय? प्रत्येक गडावर शिबंदी ठेवायची तर खर्च. रिकामे सोडावेत तर उद्या कुणी बंडखोर जाऊन बसेल. तेव्हा सह्याद्रीत अनेक ठिकाणी सुरुंग लावून पायऱ्याच उडवल्या. तटबंदी पाडत बसण्यापेक्षा हे स्वस्त. पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटांनी छिन्नीने केलेलं काम, त्याला दारूचे चार बार पुरले.

हरिहरच्या पायऱ्या मात्र वाचल्या. कॅप्टन ब्रिग्जने त्याच वर्षी त्या पाहिल्या आणि त्यांच्या भयंकर चढाबद्दल लिहून ठेवलं. पुढे फेरिश्ताच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच ब्रिग्ज. हरिहरवर आजही पायऱ्यांच्या कडेच्या खोबणीत बोटं घालून लोक चढतात, रविवारी तर रांग लागते. मदनचा चढही एकेकाळी असाच, अवघड पण सरळ, असणार. गडकऱ्यांना तिथे थरार नको होता. त्यांना धान्य वर न्यायचं होतं. आमचं साहस हे कुणाच्या तरी बंदोबस्ताचं उरलंसुरलं होतं, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी उतरताना आमचा तो मित्र पुन्हा त्याच कोपऱ्याशी थांबला. घाबरून नाही. दोराला लटकून तो छिन्नीच्या खुणा चाचपत होता. वरून आम्ही ओरडत होतो, "अरे चल, ऊन चढतंय!"