स्वधर्म आणि भूमिका : धुळे तुरुंगातील प्रवचने व स्टोइक विचार

साक्री तालुक्यात उगम पावणारी पांझरा नदी पुढे धुळे शहरावरून वाहते. त्या शहराच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेवर अठरा प्रवचने केली. श्रोते सहबंदी होते; प्रवचने उतरवून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यांतूनच सिद्ध झाला. त्यातील स्वधर्मकल्पनेची स्टोइक विचाराशी तुलना करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

स्टोइक आचार्य एपिक्टेटस हा जन्माने दास. मुक्त झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला. परंतु सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यामुळे त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे आपली शाळा चालविली. त्यानेही स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याची प्रवचने शिष्य एरियन याने टिपली, आणि तीही आपल्या इतिहासग्रंथातील अभिजात ग्रीकात नव्हे, तर बोलीच्या ग्रीकात. दोन्ही ठिकाणी बोललेला शब्द जपला गेला, हे साम्य लक्षणीय आहे. मात्र त्यावरून उसनवारीचा तर्क करण्याचे कारण नाही.

एपिक्टेटसच्या मते देह, संपत्ती व लौकिक आपल्या हातचे नाहीत. आपला निर्णय तेवढा आपल्या हातचा. नाटककाराने दिलेली भूमिका उत्तम वठविणे हेच माणसाचे काम. भूमिकेसाठी ग्रीकात असलेल्या 'प्रोसोपोन' या शब्दाचे अर्थ चेहरा, मुखवटा आणि व्यक्ती असेही होतात. मुखवटा चढविता येतो, तसा उतरविताही येतो. उलट 'धर्म' शब्दाच्या मुळाशी 'धृ', म्हणजे धारण करणे, हा धातू आहे. विनोबांचा स्वधर्म मातेप्रमाणे जन्मासोबतच लाभतो. तो निवडावा लागत नाही. शब्दांतील हा भेद विचारांतही उतरला आहे : स्टोइक आपल्या भूमिकेकडे किंचित अंतरावरून पाहतो, तर विनोबांच्या विवेचनात कर्ता कर्माशी समरस होऊन केवळ फळापासून अलिप्त राहतो.

तथापि एका मुद्द्यावर दोघांचे ऐक्य आहे. जीवनाचा हेतू एकांतात स्वतःला न्याहाळून सापडत नाही. समोर आलेले कर्तव्य निष्ठेने करीत असता तो उलगडत जातो. बंदिवानाचे बाह्य स्वातंत्र्य हिरावलेले असते. तरीही त्याच्यापुढे काही कर्तव्य उरतेच. धुळ्याच्या तुरुंगात एकाने बोलण्याचे व दुसऱ्याने लिहून घेण्याचे कर्तव्य पार पाडले, आणि त्या विचाराची कसोटी तेथेच लागली.