रूट कॅनालमध्ये लेसर
दाताची कीड मज्जेपर्यंत पोहोचली, की सडलेली मज्जा काढून मुळाची नलिका निर्जंतुक करावी लागते. हेच रूट कॅनाल. नलिकेच्या भिंतीतील सूक्ष्म नळ्यांत जंतू दडतात, तेथे सुईसारखी फाइल पोहोचत नाही. २९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अर्बियम लेसरची ऊर्जा पाणी शोषून घेते, बुडबुडे उसळतात आणि नलिकेतील द्रावण कानाकोपऱ्यांत शिरते. मात्र ही केवळ जोड आहे. फाइलने सफाई आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुणे टळत नाही. त्यामुळे धाराशिव वा परंड्याच्या रुग्णाने निव्वळ लेसरसाठी पुणे गाठेपर्यंत दुखणे अंगावर काढू नये. वाचण्याजोगा दात उपटून घेणे तर दूरच. लेसर वापरलाच, तर मुळाभोवतीचे हाड तापणार नाही याची काळजी घ्यावी लागते. रुग्णाच्या डोळ्यांवरही संरक्षक चष्मा लागतो.