करडईचे फूल : घाणीबाहेर राहिलेले पीक

वर्ध्याच्या मगनवाडीचे नाव निघाले की तेलाची घाणी आठवते. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाणीत सुधारणा करून तिचा प्रसार केला. तेल आणि पेंड दोन्ही गावातच राहावी, हा त्यामागचा विचार होता.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत घाणीला बी पुरवणाऱ्या पिकांपैकी एक म्हणजे करडई. कोवळेपणी तिची भाजी करायची, पुढे बियांचे तेल काढायचे, आणि काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत म्हणून ज्वारी-गव्हाच्या कडेने तिच्या ओळी पेरायच्या, ही शेतकऱ्याची रीत. या सगळ्या हिशेबात फूल कुठेच नाही. ते फुलते, वाळते आणि गळून जाते.

चीनमध्ये मात्र ही वनस्पती फुलासाठीच ओळखली जाते. तिथे तिला ‘होंगहुआ’, म्हणजे ‘लाल फूल’, म्हणतात. इसवी सन २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात करडईची फुले मद्यात उकळून स्त्रियांच्या पोटदुखीवर देण्याचा पाठ आहे. रक्ताभिसरण मोकळे करणारे औषध म्हणून तिथे ती आजही वापरतात आणि गर्भवतींना वर्ज्य मानतात. वनस्पती एकच, मग एका देशात फूल हे पीक आणि दुसऱ्या देशात तो कचरा, असे का व्हावे?

आपल्याकडेही ते पूर्वी कचरा नव्हते. संस्कृतातले कुसुंभ ते हेच, आणि कुसुंबी रंगाचे नावही त्यावरूनच पडले. करडईच्या फुलात दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. पिवळी द्रव्ये थंड पाण्यात विरघळतात. कार्थामिन हे लाल द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कधर्मी द्रावणात विरघळते. रंगारी आधी फुले धुऊन पिवळा रंग काढून टाकीत, मग खाराच्या पाण्यात लाल रंग उतरवीत आणि शेवटी लिंबासारखे आंबट घालून तो कापडावर बसवीत. बहुतेक वनस्पतिज रंगांना सुती कापडावर बसण्यासाठी तुरटीसारखे रंगबंधक लागते. कुसुंब्याला ते लागत नाही. त्याचा दोष एवढाच, की तो उन्हात विटतो आणि साबणाने धुपतो. साबण अल्कधर्मी असतो, हे लक्षात घेतले की कारण कळते.

एकोणिसाव्या शतकात बंगालमधून, विशेषतः ढाक्याच्या परिसरातून, ही वाळलेली फुले इंग्लंडला जात. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचा ओघ सुरू झाला. १८८० च्या दशकात आलेला काँगो रेड तर रंगबंधकाशिवाय सुती कापडावर बसत होता. कुसुंब्याचे वैशिष्ट्यही असे हातचे गेले. १९१० मध्ये कार्थामिन स्फटिकरूपात मिळवून त्याचा अभ्यास करणाऱ्या दोघा रसायनशास्त्रज्ञांपैकी एक होता आर्थर जॉर्ज पर्किन, म्हणजे त्याच पर्किनचा मुलगा. बापाच्या शोधाने ज्या रंगाचा बाजार उठला, त्याची रचना मुलगा शोधू पाहत होता!

रंगाचा बाजार गेला, तेलाचा राहिला. म्हणून आपल्याकडे करडई केवळ तेलबी झाली. पण फूल आणि बी यांत निवड करावीच लागते का? करडईचे बोंड हे अनेक पुष्पकांचे संयुक्त फूल आहे. प्रत्येक पुष्पकाच्या तळाशी अंडाशय असतो आणि त्याचेच पुढे बी होते. फलन होऊन पाकळ्या कोमेजल्या की त्यांचे काम संपलेले असते. रंग पिवळ्या-केशरीवरून लाल होऊ लागला की चीनमध्ये त्या खुडतात. त्या वेळी खुडल्या तर बियांना बाध येण्याचे कारण उरत नाही.

अडचण होती ती काट्यांची आणि मजुरीची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी वाण तयार केले, त्यांत एक संकरित वाणही आहे. पाकळ्या गोळा करण्यासाठी पाठीवर बांधायचे यंत्रही तिने बनवले. तिकडे मगनवाडीतल्या मगन संग्रहालयाच्या संस्थेने वनस्पतिज रंगांची खादी तयार करण्याचे काम हाती घेतले. दरम्यान विदर्भात सोयाबीन आणि त्यामागून हरभरा पसरला, आणि करडईचे क्षेत्र आटत गेले. ज्या कोरडवाहू पिकाची मुळे खोलवरची ओल शोषून घेतात, ते एकाच उत्पन्नावर टिकत नसेल, तर दुसरे उत्पन्न फुलात आहे.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. करडईच्या शेतातली सारख्या आकाराची वीस बोंडे निवडून त्यांना दोरे बांधावेत. दहांच्या कोमेजलेल्या पाकळ्या हातमोजे घालून खुडाव्यात, दहा तशीच ठेवावीत. काढणीला दोन्ही गटांतले बी मोजावे आणि तोलावे. खुडलेल्या पाकळ्या थंड पाण्याने पिवळेपणा जाईपर्यंत धुवाव्यात, धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवाव्यात, गाळलेल्या द्रावणात सुती चिंधी बुडवावी आणि लिंबाचा रस थोडा थोडा घालावा. पाकळ्या औषध म्हणून मात्र कोणी घेऊ नयेत. गर्भवती आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

गावच्या पिकाची किंमत गावानेच शोधावी. वर्ध्याच्या एखाद्या शाळेच्या वहीत नोंदलेली ही दोन वजने त्या शोधाला उपयोगी पडतील.