भयाची विचारपूस

चिंता ही एकेका माणसाची खासगी व्याधि आहे, असें आपण सामान्यतः समजतों. ज्याला ती जडते त्यानें ती निमूटपणें सोसावी, फार तर वैद्याच्या कानावर घालावी, एवढाच तिचा व्यवहार. परंतु शंकाकुल मनाचा जो स्वभाव तोच शंकाकुल गांवाचाही असतो. आणि गांवाचा इतिहास उघड्यावर घडत असल्यामुळें, मनांत जें सहसा दिसत नाहीं तें तेथें स्पष्ट दिसतें. म्हणून भयाला आवर घालण्याचा एक धडा आम्ही ठाणें जिल्ह्यांतील भिवंडीच्या अलीकडच्या इतिहासांतून घेऊं इच्छितों.

कामवारी नदीच्या कांठचें हें शहर यंत्रमागांचें. कोंकणी मुसलमान, आगरी, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, असे नाना तऱ्हेचे लोक मागांच्या खडखडाटांत शेजारीं शेजारीं पोट भरीत आले. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं येथें दंगल पेटली आणि तिची झळ जळगांव व महाड येथें पोंचली. चौकशीसाठीं नेमलेल्या न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें तिचें मूळ त्या एका दिवसांतच न शोधतां, आधींपासून सांचत गेलेल्या तणावांत शोधलें. १९८४ च्या मे महिन्यांत पुन्हां आग लागली. त्या वेळीं भिवंडी, ठाणें आणि मुंबई मिळून अडीचशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

दंगल शमते, भय शमत नाहीं. शेजारचें दुकान लौकर मिटलें, मूल शाळेंतून उशिरा आलें, रात्रीं गल्लींत चार माणसें मोठ्यानें बोललीं, कीं पोळलेलें मन थेट शेवटच्या अनर्थापर्यंत धांवतें. पडताळा पाहण्याचें धैर्य होत नाहीं. पडताळा पाहिला नाहीं म्हणून शंका वाढते. आणि शंका वाढली म्हणून धैर्य आणखी खचतें.

१९८८ सालीं भिवंडीस पोलिस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनीं या दुखण्याची नाडी ओळखली. पूर्वींच्या शांतता समित्या बहुधा पुढाऱ्यांच्या व प्रतिष्ठितांच्या असत, आणि संकट दाराशीं आलें म्हणजे त्यांची आठवण होई. खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत सामान्य हिंदु-मुसलमानांच्या समित्या उभारल्या व पोलिसांना त्यांच्यांत बसविलें. विशेष हा कीं, कांहीं घडलेलें नसतांही त्या भरत. तेथें शेजाऱ्यांचे तंटे निघत, लहानसहान तक्रारी निघत. अशा बैठकींत ज्यांची एकमेकांशीं ओळख झाली, त्यांना अफवा उठल्यावर खरेंखोटें कोणास विचारावें हा प्रश्न पडत नाहीं.

६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेली. त्या महिन्यांत आणि पुढील जानेवारींत मुंबईंत सुमारें ९०० माणसें मेलीं. भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांनीं पुढें या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाचें नांवच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असें आहे. सर्व श्रेय एका व्यवस्थेला देणें भाबडेपणाचें होईल. दोनदां होरपळलेल्या लोकांचें शहाणपण आणि रोजच्या भाकरीची काळजीही तेथें होतीच. परंतु त्या शहाणपणाला बसावयास जागा समित्यांनीं दिली.

आमच्या मतें हा बोध घरोघरच्या मनालाही लागू आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनीं आपल्याकडे रुजविलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धति हेंच सांगते कीं, घटनेपेक्षां घटनेविषयींची आपली समजूत अधिक छळते. तेव्हां त्या समजुतीची उलटतपासणी करावी. अंथरुणावर पडतां शंका आली, तर तिला हुसकावूं नये, तिच्यामागें धांवूंही नये. ती कागदावर लिहावी आणि दिवसां ठरलेल्या वेळीं तिला विचारावें, हें मला कोणीं सांगितलें, याला पुरावा काय, आणि यांतलें आज माझ्या हातीं किती? हातचें असेल तें करावें. उरेल तें घरांतल्या जाणत्या माणसापाशीं बोलावें. झोप, भूक आणि कामधंदा हिरावून घेणाऱ्या चिंतेसाठीं मात्र वैद्यच गांठला पाहिजे.

हा अभ्यास एकदां करून संपत नाहीं. जुलै २००६ मध्यें पोलिस ठाण्याच्या बांधकामाच्या वादावरून याच भिवंडींत दोन पोलिस जमावाच्या हातून आणि दोन माणसें गोळीबारांत मारलीं गेलीं. कालच्या शांततेवर आजचा दिवस निभावत नाहीं. भय दाराशीं उभें राहिल्यावर त्याची विचारपूस करण्याइतकें मन थाऱ्यावर नसतें. ती संवय शांत दिवसांतच लावून घ्यावी लागते, मोहल्ल्यालाही आणि मनालाही.