बेंजोच्या आधीचा बँड : चिक चॉकलेट आणि मंडळी

कर्जत-खालापुरात हळद असो की गणपती, बेंजो पार्टी आली की 'भोली सूरत' वाजतंच. मग आजीबाईसुद्धा दोन हात हलवून घेतात. ते गाणं १९५१ सालच्या 'अलबेला' सिनेमातलं. नाचणारे भगवानदादा आपल्याला माहीत आहेत, ते आधी गिरणी कामगार होते. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. पण त्या सिनेमात ट्रम्पेट वाजवणारा माणूस कोण?

त्याचं नाव अँटोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६. मुंबईत तो 'चिक चॉकलेट' म्हणून गाजला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आर्मस्ट्राँग हा अमेरिकेतला थोर काळा ट्रम्पेटवादक.

आता हे संगीत मुळात कुठलं, ते सांगते. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेली माणसं अमेरिकेत कापसाच्या शेतात राबायची. राबताना एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. भातलावणीला चिखलात वाकून आपण गातो, तसंच की! १८६५ ला गुलामी कायद्याने संपली, पण हाल संपले नाहीत. उपासमार, सावकार, सोडून गेलेला नवरा, सगळं गाण्यात आलं. त्याला म्हणतात ब्लूज. आणि ब्लूजच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी गाजवल्या त्या बायकांनी. १९२० मध्ये मॅमी स्मिथने, मग बेसी स्मिथने. पुढे त्याच ब्लूजला जलद ठेका मिळाला आणि १९५० च्या दशकात रॉक अँड रोल आलं.

मुंबईत हे वाजायचं ताजसारख्या मोठ्या हॉटेलांत. वाजवणारे बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळेत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवायचे, ती विद्या पोटापाण्याला आली. मुंबईत राहायला धोबीतलावच्या भागात गावागावाचे 'कूड' होते, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक खोली. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांसारखंच ते. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे, हे लोक ती कागदावर उतरवून कोणतं वाद्य कुठे वाजेल ते ठरवायचे. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे असेच सहायक होते.

१९५७ च्या 'आशा' मधलं 'ईना मीना डीका' तर सरळ रॉक अँड रोलच. किशोरकुमारांनी गायलं आणि आशाताईंनीही. त्यात मध्येच कोकणी शब्द येतात, ते गोव्याच्या वादकांच्या संगतीचं देणं.

मला खटकतं ते एवढंच, की रेकॉर्डवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, पण वाजवणाऱ्यांची नावं नाहीत. आपल्या गटात मासिक बचत दहा रुपये असली तरी प्रत्येकीचं नाव रजिस्टरला चढतं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना दहा-पंधरा नावं छापायला जागा नव्हती होय?

चिक चॉकलेट १९६७ साली गेले, जेमतेम पन्नाशीत. टीव्हीवर 'अलबेला' लागला तर 'दीवाना परवाना' गाणं चुकवू नका. झालरीच्या कपड्यांतला बँड दिसेल. त्यात ट्रम्पेट घेतलेले ते स्वतः आहेत.