हिरवा पडलेला रुपया

मंडळी, खिशातली किंवा कनवटीची चिल्लर एकदा तळहातावर ओतून पाहा. एखादं नाणं काळपट पडलेलं असतं, तर एखाद्यावर हिरवा थर असतो. असं नाणं खोटं समजून आपण ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघतो. आज या रंगाचीच हकिकत सांगायची आहे. त्या रंगापायी आमचं घर एकदा फसलेलं आहे.

आमचा अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता आणि निजामाच्या अमलात इथे हाली शिक्का चाले. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. १९४८ साली रझाकारांच्या धास्तीनं माझ्या आजीनं वीस हाली रुपये फडक्यात गुंडाळून मिठाच्या रांजणाखाली पुरले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात सामील झालं आणि पुढे हाली शिक्का चलनातून गेला. रुपये मात्र भुईतच राहिले. मी शाळेत असताना स्वयंपाकघराची जमीन उकरली तेव्हा ते निघाले, आणि पाहतो तो सगळे हिरवेगार! बाजारातल्या एका मोडवाल्यानं ‘तांबं आहे’ म्हणून तांब्याच्या भावानं ते नेले. आजीलाही ते पटलं. चांदी कधी हिरवी पडते का?

आता यात चूक कुठे झाली ते पाहू. निव्वळ चांदी मऊ असते, म्हणून नाण्यात हीण घालावंच लागतं. उस्मान अली खानांच्या काळातला तो चारमिनार छाप रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा. त्यात हजार भागांत ८१८ भाग चांदी आणि बाकी हीण, मुख्यतः तांब्याचं. मीठ ओल धरून ठेवतं. त्या खारट ओलीनं आधी तांबं खाल्लं जातं आणि त्याचा हिरवा जंगाल सगळ्या नाण्यावर पसरतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, त्यातलाच हा प्रकार. वरचा थर तांब्याचा, पण आत चांदी शाबूत! त्या वीस रुपयांत सुमारे १८३ ग्रॅम चांदी होती. ती आम्ही तांबं म्हणून देऊन टाकली.

चांदीचा स्वतःचा रंग बदलतो तो काळा. चुलीचा धूर, कांदा, लसूण, हिंग यांत गंधक असतं. त्याचा संसर्ग झाला की चांदीवर काळी साय धरते. तांब्याचं नाणं हवेनं आधी तपकिरी, मग काळपट होतं. आपला रुपया मात्र १९९२ पासून न गंजणाऱ्या पोलादाचा निघू लागला. त्यावर जंगाल चढत नाही.

जुनी माणसं रंगावर विसंबत नसत. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब आमच्याकडे पोरासोरांना पाठ असे. आता गणित करून पाहा. जुन्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी, हालीत सुमारे ९.१ ग्रॅम. सातास सहा हेच प्रमाण येतं! पुढे युद्धकाळात, १९४० साली, कलदारातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. तेव्हा नाण्याचा रंग ते कशाचं आहे आणि कुठे पडून होतं एवढंच सांगतो. ते खरं की खोटं, हे त्यावरून ठरत नाही.

आजही हीच चूक होते. दहा रुपयांचं नाणं छाप वेगळा दिसला म्हणून दुकानदार नाकारतो, आणि बाजाराला आलेली म्हातारी तसंच ते कनवटीला बांधून परत जाते. दहाच्या नाण्याचे चौदाही छाप चालू आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केलं होतं. शिक्षक मित्रांनी हे वर्गात जरूर सांगावं. आणि जुनं नाणं सापडलं तर चिंच लावून घासू नका. जंगालाबरोबर अक्षरंही जातात. आधी जाणकाराला दाखवा.

कॉलेजात हे सारं शिकल्यावर मी आजीला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “सोनाराच्या कसोटीवर एकदा घासून कुणी बघितलंच न्हाई की रं.”