कोरडा कोठा : यवतमाळ जिल्ह्यातील गुरांच्या निवाऱ्याचा इतिहास

वऱ्हाडात ज्याला कोठा म्हणतात तो गुरांचा निवारा यवतमाळ जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या लाकूड, कूड आणि माती यांचाच उभा राहिला. या तिन्ही वस्तू ओलीने बिघडणाऱ्या असल्यामुळे कोठा कोरडा ठेवणे हे शेतकरी घराचे रोजचे आणि न चुकवता येणारे काम होते. कोठ्याच्या या निगेला शेतीच्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. कापूस, जिनिंग, रेल्वे आणि सावकारी यांवर भरपूर लिहिले गेले, पण ज्या बैलांच्या बळावर तो कापूस पिकला ते रात्री कशावर बसत होते याची नोंद क्वचितच झाली. जमिनीचा कस कसा टिकला आणि कसा गेला, हे समजून घ्यायचे तर ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे आला, 1864 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला व तो पुढे वणी या नावाने ओळखला गेला, आणि 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला तेव्हा जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्ट खडकावरील काळ्या कापसाळ जमिनीचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून नुसत्या काळ्या मातीवर बांधलेल्या कोठ्यात पहिल्याच पावसात चिखल होतो, आणि खुरांनी तो तुडवला गेला की खड्ड्यांत मूत्र साचते. त्यावरचा उपाय म्हणजे मुरूम, अर्थात खडक झिजून तयार झालेली भरड माती; तिचा थर देऊन तो पाणी शिंपून चोपायचा, गुरांच्या मागच्या बाजूस किंचित उतार ठेवायचा आणि अंगणापेक्षा जोते उंच घ्यायचे. ज्याच्या कोठ्याचे जोते उंच, त्याची गुरे पावसाळ्यात सुखी, हे साधे गणित होते.

खांबांसाठी पहिली पसंती सागाला असे. सागाचा गाभा, म्हणजे खोडाचा आतला गडद भाग, वाळवीला बराच काळ दाद देत नाही; बाहेरचे फिकट लाकूड मात्र लवकर पोखरले जाते. खांब कुजतो तो बहुधा मातीच्या रेषेशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून ऐपत असलेले लोक खांबाखाली दगडाचा तळखडा बसवीत, तर इतर जण पुरायचे टोक विस्तवावर काळे करून घेत. भिंतींसाठी पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा, म्हणजे कापसाच्या वा तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, कूड विणून त्यावर शेणमातीचा गिलावा देत. बांबूचे तट्टे बुरूड आणि कोलाम कारागीर विणत. कूड पूर्ण लिंपून टाकणे ही चूकच ठरे, कारण वरच्या बाजूने वारा खेळला नाही तर ओल आतच कोंडते. गरिबाच्या कोठ्यातील फटी ही त्या दृष्टीने उणीव नसून सोय होती.

1886 च्या वऱ्हाड वन कायद्याने सरकारी जंगलाचे तीन वर्ग पाडले: पहिला इमारती लाकडाचा व जळणाचा, दुसरा गवताच्या राखीव रमण्यांचा आणि तिसरा चराईचा. या विभागणीचा परिणाम कोठ्यापर्यंत पोहोचला. खांब बदलायचा तर परवाना किंवा पैसा हवा, जळणाचे लाकूड महाग, आणि मग शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घालण्याकडे ओढा वाढला. शेतात जायला हवे ते शेण धूर होऊन गेले, याचा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे आहे. ज्याला जंगल बंद झाले, त्याच्याजवळ जाळायला दुसरे काय उरले होते?

कोठ्याची दिनचर्या घरातील बाई आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेला गडी, यांच्यावर अवलंबून असे. पहाटे शेण उचलून उकिरड्यावर टाकायचे, गव्हाणीतील उष्टा कडबा झाडून काढायचा, ओल्या जागी चुलीची राख किंवा कोरडे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरायचे. त्यानंतर गायकी, म्हणजे गुराखी, गावाची गुरे आखरावर, म्हणजे गाव सोडण्यापूर्वी गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, गोळा करून रानात नेई, आणि कोठा संध्याकाळपर्यंत रिकामा राही. हे रिकामेपण फार मोलाचे होते, कारण उन्हाने आणि वाऱ्याने जमीन वाळे, माश्यांच्या अळ्यांना ओलावा मिळत नसे, आणि लाकडाच्या फटीत दडणाऱ्या गोचिडांवर राख वा चुना मारायला सवड मिळे. पावसाची झड लागली की मात्र गुरे दावणीलाच राहत, आणि याच दिवसांत खुरे सडणे व कास सुजणे असे विकार वाढत. श्रावण अमावास्येच्या पोळ्याआधी कोठा झाडून सारवला जाई तो सणाच्या शोभेसाठी, हे खरे. पण ही सफाई पावसाळ्याच्या ऐन मध्यावर, सर्वाधिक ओलीच्या वेळी पडे, हा तिचा व्यवहारातील लाभ होता.

या सगळ्या व्यवस्थेत एक मोठे छिद्र राहून गेले होते, आणि ते मूत्राचे होते. जनावर जो नत्र शरीराबाहेर टाकते त्यातील सुमारे निम्मा मूत्रातून जातो आणि पालाशाचा तर मोठा वाटा मूत्रातच असतो. मूत्रातील युरियावर शेणातील सूक्ष्मजीवांचे विकर काम करते आणि काही तासांत त्याचा अमोनिया होऊन तो हवेत उडतो; कोंदट कोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबतो तो हाच वायू. कोठ्यात राख आणि कुटार मूत्र टिपण्याचे काम काही प्रमाणात करीत, पण मुरमात मुरलेला नत्र बहुतेक ठिकाणी तिथेच राहून जाई.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार वऱ्हाडच्या शेजारी इंदूर येथे झाला. होळकर संस्थानात स्थापन झालेल्या आणि मुख्यतः भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या पैशावर चालणाऱ्या वनस्पती संशोधन संस्थेत 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत सिद्ध केली. दोघांचे पुस्तक 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी कोठ्याची जमीन मातीचीच ठेवली. गुरांच्या पायाखाली काडीकचऱ्याचे अंथरूण घालून ते रोज सकाळी काढायचे, आणि मूत्राने भिजलेल्या मातीचा वरचा थर दर तीन-चार महिन्यांनी खणून कंपोस्टमध्ये मिसळायचा व जागी नवी माती भरायची, असा तो क्रम होता. कापसाच्या समितीने दिलेल्या पैशातून कापसाबरोबर कोठ्याच्या तळाचाही अभ्यास झाला, आणि तो अगदी योग्य खर्च होता.

यवतमाळ जिल्ह्याचे स्वतःचे योगदान यानंतरचे आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून ओळखली जाते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असे विटांचे टाके, हवा खेळावी म्हणून भिंतींत ठेवलेली भोके, आणि आत थरांनी भरलेला सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, 1,750 किलो चाळलेली कोरडी माती, 1,500 ते 2,000 लिटर पाणी व अवघे 90 ते 100 किलो शेण, असे तिचे प्रमाण आहे. टाके लिंपून बंद केल्यावर 90 ते 120 दिवसांत सुमारे 3 टन खत मिळते. दोन गुरांच्या मालकालाही परवडेल इतके थोडे शेण लागते, ही या पद्धतीची खरी थोरवी होय. शिवाय मातीसाठी मूत्राने भिजलेली कोठ्यातील माती विशेष चांगली मानली जाते. म्हणजे ज्या नत्राला पूर्वी वाट नव्हती, त्याला पुसदच्या टाक्यात जागा मिळाली.

पुढे ज्वारीच्या क्षेत्रात सोयाबीन शिरल्याने कडबा घटला, ट्रॅक्टर आल्याने बैलजोड्या कमी झाल्या, आणि उरलेल्या कोठ्यांत सिमेंटचा कोबा आला. कोबा धुवायला सोपा आहे, परंतु तो काहीच शोषत नाही, आणि त्याची नाली गावच्या गटारात सोडली तर कोठा स्वच्छ होऊनही शेत उपाशी राहते. नवा कोठा बांधणाऱ्याने आपल्या नालीचे तोंड कोरड्या मातीने भरलेल्या खड्ड्याकडे वळवावे आणि ती माती दर हंगामाला खतात मिसळावी. त्यासाठी लागणारा खर्च युरियाच्या काही पोत्यांहून अधिक नाही.